हालडोरचा ट्रक झोपायला जातो

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी हालडोरने स्वयंपाकघरातल्या भांडी घासायच्या तारेच्या सगळ्या घासण्या उचलल्या, तेव्हाच रूनाने ओळखलं की यंदा ट्रक झोपायला जाणार.

"सगळ्या कशाला नेतोस? एक तरी ठेव. कढया काय जिभेने चाटू?"

"उंदीर धुराच्या पाइपातून शिरतात. तारेची घासणी कोंबली की शिरत नाहीत," हालडोर म्हणाला. त्याने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. त्यामुळे कुठलीही गोष्ट सांगताना मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची त्याला सवय होती.

ट्रक म्हणजे निळा, रुंद छातीचा पिकअप. निवृत्तीनंतर त्याने तो घेतला तो कॅम्पर, म्हणजे चाकांवरची राहायची खोली, ओढायला. दर उन्हाळ्यात दोघं कॅम्पर मागे जोडून पश्चिमेकडे डोंगरात जात. आधीच्या ट्रकला त्यांच्या मॅनिटोबा प्रांतातल्या रस्त्यांवरच्या मिठाने खाल्लं होतं. बर्फ वितळावा म्हणून सरकार रस्त्यावर मीठ टाकतं आणि ते मीठ गाडीखाली जाऊन लोखंड कुरतडत बसतं. शेवटी शेवटी त्या ट्रकच्या तळाला इतकं मोठं भोक पडलं होतं की रूनाचा एक हातमोजा त्यातून रस्त्यावर पडला आणि दोघांना चाळीस किलोमीटरनंतर कळलं.

"म्हणून हा हिवाळ्यात बाहेर काढायचाच नाही," हालडोरने जाहीर केलं. "बाजारहाटाला छोटी गाडी आहे."

"छोटी गाडी थंडीत रुसते."

"तिला रात्री विजेची वायर जोडायची. इंजिन गरम राहतं. रुसायचा प्रश्न नाही."

"वाहन वापरात असलेलं बरं, हालडोर. गुडघ्याचंही तसंच असतं. मला विचार."

पण हालडोरने यादी केली होती, आणि यादी केलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. त्याने पेट्रोल टिकावं म्हणून टाकीत औषध घातलं, चाकांखाली फळ्या सरकवल्या, सीटखाली, कप्प्यांत, जिथे बोट जाईल तिथे डांबरगोळ्या ठेवल्या. ट्रक शेजारच्या ओरेस्टच्या बटाट्याच्या शेडमध्ये उभा केला आणि वर कापडाची खोळ घातली. बॅटरी मात्र काढून घरी आणली, तळघरात ब्लँकेटवर ठेवली. दर रविवारी चर्चहून आला की खाली जाऊन तो तिची विचारपूस करत असे.

"माझ्या बहिणीची इतकी काळजी घेतली असतीस तर," रूना जिन्यावरून म्हणायची.

ही बहीण म्हणजे अस्ताताई. वय चौऱ्याऐंशी, खुब्याचं हाड मोडल्यापासून नव्वद किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात. रूना दर गुरुवारी तिच्याकडे जायची. दोघी पत्ते खेळायच्या, अस्ताताई फसवायची आणि रूना फसवून घ्यायची.

जानेवारीच्या दुसऱ्या गुरुवारी छोटी गाडी सुरू झाली नाही. वायर जोडली होती, पण भिंतीतलं बटण बंद होतं. ते कोणी बंद केलं यावर दिवसभर चर्चा झाली आणि गुरुवार गेला. तिसऱ्या गुरुवारी बटण चालू होतं, गाडीही सुरू झाली आणि तळ्याकाठच्या वळणावर घसरून अलगद खड्ड्यात जाऊन बसली. ओरेस्टने ट्रॅक्टरने बाहेर काढली. तोही गुरुवार गेला.

त्या संध्याकाळी वृद्धाश्रमातल्या नर्सचा फोन आला. रूनाने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" हालडोरने विचारलं.

"काही नाही. दोन्ही गुरुवारी अस्ताताई सकाळी दहापासून कोट घालून खिडकीशी बसली होती. जेवायलाही कोट काढला नाही."

यावर हालडोरला बोलण्यासारखं काही सुचलं नाही. तो तळघरात गेला, पण बॅटरीलाही काही सुचलं नाही.

चौथा गुरुवार म्हणजे अस्ताताईचा पंच्याऐंशीवा वाढदिवस. रूनाने तीन दिवस खपून सुक्या आलुबुखारांचा सात थरांचा केक केला होता, आईच्या पद्धतीचा. बाहेर उणे चौतीस होतं. रूना चर्चचा काळा कोट घालून, केकचा डबा मांडीवर घेऊन छोट्या गाडीत बसली. हालडोरने किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली. दुसऱ्यांदा तर नुसतं 'टक' म्हणाली आणि गप्प झाली.

रूना केकचा डबा घेऊन उतरली. ती घरात गेली, कोट खुंटीला टांगला आणि बटाटे सोलायला बसली.

बेचाळीस वर्षांच्या संसारात हालडोरने तिची सगळी बोलणी खाल्ली होती, पचवली होती. पण हे बटाटे सोलणं त्याला ऐकवेना. तो तळघरात उतरला, बॅटरी ब्लँकेटमध्ये गुंडाळली, लाकडी घसरगाडीवर बांधली आणि दोरी ओढत ओरेस्टच्या शेडकडे निघाला.

ओरेस्ट दारातच होता. हालडोरच्याच वयाचा, युक्रेनी बापाचा मुलगा, घाईगडबड हा शब्दच न शिकलेला.

"काय रे, बाळंतपण झालं वाटतं," घसरगाडीवरच्या गाठोड्याकडे बघत तो म्हणाला.

"फावडं दे. ट्रक काढायचाय."

"एप्रिलमध्ये ना?"

"ओरेस्ट, फावडं दे."

शेडच्या दाराशी छातीइतका बर्फ होता. तो उपसायला अर्धा तास गेला. खोळ गोठून पत्र्यासारखी कडक झाली होती, ती दोघांनी मिळून सोलली. बॅटरी बसवली. हालडोरने किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या फटक्यात गरजलं.

"बघितलंस?" तो ओरडला. "याला म्हणतात निगा!"

इंजिन बंद पडलं.

पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद पडलं. हालडोरने झाकण उघडलं. तारा पाहिल्या, नळ्या पाहिल्या, पेट्रोलचा वास घेतला, औषधाच्या नावाने बोटं मोडली. ओरेस्ट भिंतीला टेकून सगळं बघत होता. दहा मिनिटांनी त्याने शांतपणे विचारलं, "हाल्ली, एक विचारू? धूर कुठून बाहेर पडणार?"

हालडोर खाली वाकला. पाइपात रूनाच्या घासण्या गच्च बसल्या होत्या. पक्कड घालून दोघांनी पाच ओढून काढल्या.

"किती होत्या?" ओरेस्टने विचारलं.

"पाचच असतील."

सहावी इंजिन सुरू झाल्यावर आली. धाडकन आवाज झाला, ती गोळीसारखी सुटली आणि शेडच्या पत्र्यावर आपटली. ओरेस्टने टोपी काढून पत्र्याला पडलेला खळगा पाहिला आणि टोपी परत घातली.

"उंदीर मात्र शिरले नाहीत हं," हालडोर म्हणाला.

उंदीर शिरले होते. ते खालून कुठून तरी आले होते. ट्रक घरापुढे आल्यावर रूना पुन्हा कोट घालून, केक घेऊन आत बसली, हालडोरने तिच्यासाठी गरम हवा पूर्ण सोडली, आणि समोरच्या जाळ्यांतून सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, कापसाचे बोळे आणि कागदाचे बारीक कपटे भसाभस उडाले. काळा कोट पांढरा झाला. रूनाने मांडीवरचा एक कपटा उचलून वाचला.

"'गाडी दीर्घकाळ उभी ठेवताना,'" ती म्हणाली. "पुढचं खाल्लंय."

ट्रक निघाला. तीन महिने एकाच जागी उभी राहिलेली चाकं खालून चपटी झाली होती. ठक, ठक, ठक करत गाडी बैलगाडीसारखी उसळत होती. केबिनमध्ये डांबरगोळ्यांचा वास इतका दाट की डोळ्यांना पाणी येत होतं. काच उघडावी तर थंडीने कान तुटत होते. महामार्ग मिठाने पांढरा झाला होता आणि हालडोर त्या पांढऱ्या पट्ट्यांना वळसे घालत चालवत होता.

"पोलीस थांबवतील," रूना म्हणाली. "वाटेल, सकाळीच घेतलीये." त्या दिवशीचं तिचं हे पहिलंच मोठं वाक्य. हालडोरला बरं वाटलं.

अस्ताताई खिडकीशी बसली होती. कोट होता.

"मी काही वाट बघत नव्हते," ती पहिल्यांदा हेच म्हणाली. "इथे गारठा फार, म्हणून कोट घातला." मग तिने नाक वर करून हुंगलं. "कोणाचं कपाट उघडलंय? का कोणी गेलं?"

"ट्रकचा वास आहे, ताई," हालडोर ओशाळून म्हणाला.

"ट्रक? तो झोपलेला ना?"

"उठवला."

केक कापला. सातही थरांत डांबरगोळ्या उतरल्या होत्या. टेबलाभोवतीच्या म्हाताऱ्यांनी एक-एक घास घेतला आणि सगळे जरा वेळ विचारात पडले. रूनाचा चेहरा उतरला. अस्ताताईने मात्र तुकडा पूर्ण संपवला आणि बशी पुढे केली.

"दे अजून. आता मला कसर लागायची नाही."

मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि तिला पाणी पाजताना रूनाही हसायला लागली. हालडोर जरा बाजूला उभा राहून बघत होता. अस्ताताईने हसता हसता कधीतरी कोट काढून खुर्चीवर टाकला होता. ते त्याच्या लक्षात आलं, आणि का कोण जाणे, तो उगीचच बाहेर जाऊन ट्रकची चाकं तपासून आला.

परत निघताना तीन वाजले होते. गाव सुटण्याआधी पेट्रोल पंपाशेजारी गाडी धुण्याची जागा दिसली.

"दोन मिनिटं," हालडोर म्हणाला. "खालचं मीठ धुऊन टाकतो."

"उणे एकतीस आहे."

"आत पाणी गरम असतं."

आत पाणी गरमच होतं. बाहेर नव्हतं. हालडोरने ट्रक दारातून बाहेर काढला, काच पुसायची म्हणून हँडब्रेक ओढला आणि दार ढकललं. दार हललं नाही. त्याने खांदा लावला. रूनाने तिच्या बाजूने खांदा लावला. दारं गोठली होती, काचा गोठल्या होत्या. हँडब्रेक सोडला तर मागची चाकंही जागची हलेनात. ब्रेकसुद्धा ओल्याने धरले होते. समोरून एक गृहस्थ चालला होता. हालडोरने आतून जोरजोरात हात हलवले. त्या भल्या माणसानेही जोरजोरात हात हलवले आणि तो निघून गेला.

गरम हवेबरोबर अधूनमधून एखादं टरफल येत होतं. रूनाने उरलेल्या केकचा डबा उघडला आणि त्याच्यापुढे धरला.

"हालडोर, तू एकतीस वर्षं बस चालवलीस. कधी म्हणालास का, रस्त्यावर मीठ आहे, आज पोरांनी चालत शाळेत जावं?"

"ती बस माझी नव्हती."

"म्हणजे आपलं असलं की वापरायचं नाही?"

त्याने केक चावला. वास होता, पण चवही होती. मग तो बोलला, आणि या वेळी मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं नसतं.

"ही शेवटची गाडी आहे, रूना. मी अडुसष्ट वर्षांचा. यापुढे दुसरी घेणं होणार नाही. ही गंजली की डोंगर संपले. मग आपण आणि घराच्या चार भिंती. म्हणून जपतो."

रूनाने त्याच्या बाहीवरचा एक कपटा काढला.

"आणि ती राहिली नि आपणच गंजलो तर?"

हालडोरने केकचा आणखी एक तुकडा उचलला, तेवढ्यात मागून दणादण आवाज आला. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि पेट्रोल पंपावरची बाई हातोडी घेऊन त्यांची मागची चाकं ठोकत होती. चौथ्या दणक्याला ब्रेक सुटले. "दर आठवड्याला एक तरी शहाणा येतोच!" ती काचेतून ओरडली.

वाटेत हालडोरने खूप विचार केला. एवढी मोठी माघार त्याने आयुष्यात घेतली नव्हती, म्हणून ती नीट शब्दांत मांडायला त्याला साठ किलोमीटर लागले.

"असं करू," तो म्हणाला. "दर गुरुवारी ट्रक काढायचा. उरलेले सहा दिवस शेडमध्ये. पाइपात घासणी नाही, बॅटरी जागेवर."

"बघू," रूना म्हणाली. तिने डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले.

उजेड होता तोवर ते ओरेस्टच्या शेडशी पोचले. दार उघडंच होतं. आत ट्रकच्या जागेवर ओरेस्टचं कापणीचं अवाढव्य यंत्र ठाण मांडून बसलं होतं. त्याच्या आणि भिंतीच्या मधून मांजरही गेलं नसतं. हालडोर उतरला. दार आता उघडत होतं.

"हे काय? माझी जागा!"

"बिचारं यंत्र तीन महिने बर्फात उभं होतं," ओरेस्ट म्हणाला. "दीड वाजता वहिनींचा फोन आला, जागा रिकामी झालीये, तुमचं काही ठेवायचं असेल तर ठेवून घ्या म्हणून. मी म्हटलं, किती विचार करतात दुसऱ्याचा."

दीड वाजता. हालडोरने मनात हिशेब जुळवला. दीड वाजता ते वृद्धाश्रमातून निघालेसुद्धा नव्हते. गाडी धुणं, गोठणं, शेवटची गाडी, डोंगर, सगळं त्यानंतरचं.

"मग आता मी हा ठेवू कुठे?"

"घरासमोर. लोक गाड्या तिथेच ठेवतात."

एवढ्यात सोडून दिलं तर बरं दिसणार नाही म्हणून हालडोर आणखी पाचेक मिनिटं भांडला. मग येऊन ट्रकमध्ये बसला, दार ओढून घेतलं. रूनाचे डोळे मिटलेलेच होते.

"दीड वाजता?" त्याने विचारलं.

"एक वीसला," डोळे न उघडता ती म्हणाली. "ओरेस्टला मेल्याला घड्याळ कळत नाही."