सेकंडमधले उखर्डूआप्पा

उखर्डूआप्पांच्या चष्म्याचा नंबर त्यांच्या डोळ्यांचा नाही. तो चष्म्याच्या पहिल्या मालकाचा आहे. रविवारच्या जुन्या बाजारात आप्पांना हा चष्मा दिसला, काड्या मजबूत वाटल्या, त्यांनी घेतला. "अहो आप्पा, नंबर तपासून घ्यायचा असतो," मी म्हटलं. "लागी जाई डोयास्ले सवय, बाई," ते म्हणाले. डोळ्यांना सवय लागेल! लागलीही असावी. फक्त गल्लीच्या टोकाला कोणीही दिसलं की आप्पा आधी रामराम घालतात आणि माणूस जवळ आल्यावर तो कोण ते बघतात. त्यामुळे आमच्या भागात वीजबिल वाटणारा, पाण्याच्या बाटल्या टाकणारा, चुकून या गल्लीत शिरलेला, सगळेच आप्पांना ओळखतात.

मी गोडादऱ्यातल्या मराठी शाळेत शिकवते. मूळची सोलापूरची, लग्न होऊन सुरतेला आले आणि इथलीच झाले. आप्पा अमळनेरकडचे. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका लूमच्या कारखान्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. बायको वारल्यावर त्यांनी काम सोडलं आणि आता मुलगा-सुनेबरोबर आमच्या शेजारी राहतात. दोन घरांत मिळून एक भिंत आणि एक गॅलरी. माझ्याशी बोलताना आप्पा पहिलं वाक्य शाळेतल्या मराठीत बोलतात, दुसऱ्याला अहिराणीवर घसरतात, आणि बाजारात भाव करायचा असला की थेट गुजराती.

त्यांच्या घरात नवी वस्तू शोधून दाखवावी. पंखा एका बंद पडलेल्या लग्नाच्या हॉलमधला. त्याला जेवणावळीचा एकच वेग माहीत आहे. तो लावला की माझ्या गॅलरीतले कपडे वाळतात. फ्रीज आइस्क्रीमच्या दुकानातला, त्यामुळे दही कुऱ्हाडीने फोडावं लागतं. पण आप्पांना यातलं काही खटकत नाही. "वापरेल वस्तू म्हणजे पास व्हयेल वस्तू," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. नव्या वस्तूचं काय सांगावं? ती म्हणजे तुमच्या शाळेतलं परीक्षेला न बसलेलं पोर, असं ते मलाच ऐकवतात.

बाजारात ते कधीच आधी भाव विचारत नाहीत. आधी चौकशी. ही कोण वापरत होतं? का विकली? माणूस कसा होता? भावाभावांच्या भांडणात विकायला निघालेलं कपाट त्यांनी फुकटातसुद्धा उचललं नसतं. पण मुलगा शिकून परदेशी गेला, घर आवरलं, म्हणून सामान काढलं असं कानावर आलं की आप्पा खूश. "घर चांगलं, तर वस्तू चांगली." स्थळ बघायला गेल्यासारखी त्यांची खरेदी चालते.

मी एकदा वैतागून विचारलं, "आप्पा, तुम्हाला नव्याचं एवढं वावडं का हो?" तेव्हा त्यांनी मला त्यांच्या नावाची गोष्ट सांगितली. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. हे जन्मले तेव्हा आईने रिवाजाप्रमाणे त्यांना उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीने 'मला सापडलं' म्हणून उचललं आणि आईने सूपभर ज्वारी देऊन तिच्याकडून परत घेतलं. टाकलेलं, दुसरीचं, विकत घेतलेलं पोर. त्याच्याकडे मरण कशाला बघेल? म्हणून नाव उखर्डू. "माले मन्ही मायनी सेकंडमा लिधं, बाई," आप्पा हसत म्हणाले. "देखा, किती टिकनू!"

मी चहा ठेवला.

आता कोणी म्हणेल, माणूस चिक्कू आहे. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होते. पण चिक्कू माणूस स्वस्तातली वस्तू घेतो आणि तशीच पोराच्या हातात देतो. आप्पांचं तसं नाही. बाजारात पास झालेली वस्तू घरी आली की तिची दुसरी परीक्षा सुरू होते, आणि ती आप्पा स्वतः घेतात. त्यांचा मुलगा पंकज माझाच विद्यार्थी. तो लहान असताना त्याच्यासाठी जुना स्वेटर आणला, तर आधी आप्पा तो उशीला घालून निजले, अंगाला खाज येते का बघायला. गणितासाठी कॅलक्युलेटर आणला, तर महिनाभर घरचा किराणा त्यावर केला आणि वाण्याशी चार भांडणं. सायकल आणली तेव्हा तर पोरगं रडकुंडीला आलं होतं. आप्पा स्वतः तिच्यावर कामाला जायचे, गुडघे हँडलला लागायचे, गल्ली हसायची. एक दिवस गुडघ्याला फडकं बांधून लंगडत आले. कारखान्यात तेलावरून पाय घसरला म्हणाले. त्यानंतर सायकल दोन दिवस दुकानात होती आणि मग पंकजच्या हातात आली.

असा हा माणूस गेल्या वर्षी एका ठिकाणी पुरता अडकला. दात पडले. वरचे गेले, खालचे गेले, आणि उरलेले दोन एकमेकांना भेटेनात. मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी कवळी सांगितली. आप्पांनी शांतपणे विचारलं, "एखादी उतरवलेली मिळेल का?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या दाताच्या चित्राकडे बघितलं. येताना रिक्षात आप्पा फार गंभीर होते. आयुष्यात पहिल्यांदा नवी वस्तू घ्यावी लागणार होती. पण महिना-दोन महिन्यांत ते रुळले. दाताचे पैसे डब्यात साठू लागले. "आखाजीले पुरनपोयी चावीसन खासू," असं सगळ्या गल्लीला सांगून झालं. खानदेशी माणसाला दिवाळी एकवेळ चुकली तरी चालेल, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चुकून चालत नाही. माप द्यायचा दिवससुद्धा ठरला.

त्याच सुमाराला पंकजचं क्रिप्टो निघालं. पंकज साडीच्या डिझाइनी कॉम्प्युटरवर करतो. त्याच्या ऑफिसातल्या पोरांचं बघून त्याने दर पगाराला थोडं थोडं क्रिप्टो घेतलं होतं आणि ते बऱ्यापैकी वाढलं होतं. नवरा-बायकोची सगळी बचत त्यातच. त्यातून त्यांना स्वतःचं घर घ्यायचं होतं. पण ती बचत फोनमधल्या ॲपवर होती आणि त्याला धास्ती. "मॅडम, फोन हॅक झाला तर खलास," तो मला म्हणाला. "हार्डवेअर वॉलेट म्हणून येतं, पेनड्राइव्हसारखं. चावी त्यात राहते. पण नवीन बहु मोंघुं छे." ते महाग आहे, एवढं वाक्य आप्पांच्या कानावर पडलं, आणि पुढच्या रविवारी ते बाजारात.

वॉलेट मिळालं! छोटीशी डबी, तिला बोटभर काच. खोकं जागेवर, वायर जागेवर. आप्पांनी नेहमीची चौकशी केली होती आणि उत्तरं तर फर्स्टक्लास होती. मालक इंजिनियर पोरगा, कॅनडाला गेला, स्वभावाने गरीब. त्याने पिन लिहून दिला होता आणि एका कार्डावर चोवीस इंग्रजी शब्द लिहून ठेवले होते. डबी बिघडली तर हेच शब्द घातले की पैसे परत मिळतात, असं विकणाऱ्याने सांगितलं. "किती व्यवस्थित पोरगा, देखा बाई," आप्पा कार्ड दाखवत म्हणाले. अक्षर खरंच चांगलं होतं. मी दहापैकी नऊ मार्क दिले.

पंकजही खूश. म्हणाला, आखाजीच्या मुहूर्तावर सगळं यात टाकतो. आप्पा म्हणाले, "तोवर माझ्याकडे राहू दे. वापरून बघतो."

"पप्पा, यात काय वापरून बघायचं? हे काय स्वेटर आहे?" पंकज हसला. सून हसली. मीही हसले.

आखाजी चार दिवसांवर आली तेव्हा सकाळी शेजारी आप्पांचा आवाज चढलेला ऐकू आला. मी गॅलरीत गेले. आप्पा डबी पंकजसमोर धरून उभे होते. "ही नही चालाव. नवी ले. सीलबंद. थेट कंपनीकडून, बिल घीसन."

नवी घे! बिल घेऊन! आप्पा! पंकजने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

"अरे, ते शब्द कोनी लिखात?" आप्पा म्हणाले. "ज्या माणसानं कुलूप विकलं, त्यानंच चावी लिहून दिली. मग दुसरी चावी त्याच्या खिशात नसेल कशावरून?"

पंकज खाली बसला. त्याने फोनवर काय काय वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग त्यानेच मला समजावून सांगितलं. नवी डबी पहिल्यांदा सुरू केली की ते शब्द ती स्वतः तयार करते आणि आपण ते आपल्या हाताने लिहून घ्यायचे असतात. शब्द आधीच लिहून आले असतील, तर तो सापळाच. ज्याच्याकडे शब्द, त्याचे पैसे. डबी तुमच्या तिजोरीत असली तरी तो कुठेही बसून सगळं काढून नेतो. शब्द पुसून नवे केले तरी जुन्या डबीच्या पोटात कोणी काय फिरवून ठेवलंय, ते वरून दिसत नाही. "मी आखाजीला सगळं टाकणार होतो, मॅडम," पंकज म्हणाला. सून आत जाऊन देवापुढे उभी राहिली.

त्या दिवशी आप्पा गल्लीचे हिरो झाले. चष्म्याचा नंबर चुकीचा, पण नजर बघा, असं लोक म्हणू लागले. पंकजने नवी डबी मागवली. ती आली तेव्हा आप्पांनी तिला हातही लावला नाही, लांबूनच बघितली.

आखाजीला त्यांच्याकडे मी जेवायला होते. सुनेने खापरावरची पुरणपोळी केली होती, परातभर मोठी आणि रुमालासारखी मऊ. सोबत आमरस, सांजोऱ्या. आप्पांनी पोळीचे तुकडे रसात बुडवले, भिजू दिले आणि हिरड्यांनी चघळत बसले.

"अहो, तुमच्या कवळीचं काय झालं?" मी विचारलं.

"मॅडम, पप्पांचं मन नाही होत," पंकज हसत म्हणाला. "दाताचे पैसे डब्यात ठेवून बसलेत. अजून रविवारच्या बाजारात कोणाची सेकंडमधली बत्तिशी मिळते का बघतायत!" सगळे हसले. आप्पा सगळ्यांत जास्त हसले, बोळकं तोंड पूर्ण उघडून.

मला हसू आलं नाही. माप द्यायचा दिवस ठरला होता, तो मला माहीत होता. जेवण झाल्यावर आप्पा हात पुसत गॅलरीत आले, तेव्हा मी हळूच विचारलं, "आप्पा, ते शब्दांचं तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी खाली रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, "वापरीसन देखं ना, बाई."

दाताचे सगळे पैसे त्यांनी कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याला दिले होते. त्याने त्याचं क्रिप्टो करून त्या डबीत घातलं. आप्पा घरी येऊन जेवले, परत दुकानात गेले, तोवर डबी रिकामी. मोबाइलवाल्याने हात वर केले. त्यानेच मग शब्दांचं कार्ड बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, पण थोडे घालून बघायचे! सगळे कशाला घातलेत?" माझा आवाज चढला. मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं.

"थोड्याला चोर हात लावत नाही, बाई. बैल लेवाना तर भरेल गाडीले जुपीसन देखना पडस." भरल्या गाडीला जुंपल्याशिवाय बैल कळत नाही. थोडे घातले असते आणि ते तसेच राहिले असते, तर आप्पांनी डबी पास केली असती आणि पोराने आपलं घर तिच्यात ठेवलं असतं.

"मग नवी घ्यायला सांगितलीत ती का? दुसरी जुनी आणून बघायची होती," मी उगाच चेष्टा करायला गेले.

"आता वापरून बघायला माझ्याकडे काही उरलं नाही ना," आप्पा म्हणाले. अगदी साधेपणाने म्हणाले, भाजी संपली म्हणावं तसं.

"मी पंकजला सांगते. तो लगेच दात करून देईल. आणि मघाशी तो तुम्हाला हसत होता, ते..."

"हसू द्या, बाई." त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत लावला. "सायकलना ब्रेक लागे नही, ते तरी कोठे सांगं व्हतं त्याले?"

मला ते गुडघ्याला बांधलेलं फडकं आठवलं.

आतून पंकजने हाक मारली, "पप्पा, सांजोरी देऊ का?"

"आन," आप्पा म्हणाले. "दुधमा टाकीसन आन."