इंदूचं स्थळ

कुणाच्या घरी कुत्रं द्यायचं ठरलं, की आमचे सुपडूनाना त्या घरात पुढच्या दाराने जात नाहीत. मागून जातात. मोरीकडून, नाहीतर बोळातून, आणि मागे दारच नसेल तर भिंतीवरून. वय चौऱ्याहत्तर, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी भिंतीवरून! मी एकदा म्हटलं, "नाना, लोक तुम्हाला बोलावतात ना, मग बेल वाजवून जा की माणसासारखं." तर म्हणाले, "वहिनी, बेल वाजली का माणूस तोंड धुऊन येतो. पुढलं घर बठ्ठ्यांचं, सगळ्यांचंच चांगलं शे. आपण मागलं पाहावं."

मागे काय पाहायचं? तर भांडी कशी घासतात, शिळं कुठे टाकतात, वाळत घातलेले कपडे नीट झटकलेत का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कामवाली बाई. तिला गाठून विचारणार, "काय माय, किती वर्षं झाली इथे?" दोन वर्षांच्या आत असेल तर ते घर नापास. "जिथे कामवाली टिकत नाही तिथे माझी आंडेर काय टिकेल?" आंडेर म्हणजे आमच्या खान्देशात मुलगी. नानांची सगळी कुत्री त्यांच्या आंडेरी. सुमन, कुसुम, शकू, इंदू. एक काळा बोका आहे, त्याचं नाव जावईबापू. तो कुणाला द्यायचा नाही, कारण जावयाला कुठे पाठवतात का!

जळगावात मेहरूणला आमच्या भिंतीला लागून त्यांचा अर्धा प्लॉट. दोन खोल्या आणि पत्र्याची लांब शेड. नाना गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. सगळा जन्म बैलांच्या खांद्यांना मलम लावण्यात गेला. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात. नाना रस्त्यावर पडलेली कुत्री उचलून आणायला लागले. आणायची, बरी करायची, आणि मग "उजवायची". हा त्यांचाच शब्द. आम्ही इथे घर बांधून आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला भिंतीवरून विचारलं होतं, "वहिनी, तुमच्या माहेरकडे एखादं चांगलं घर आहे का? मुलगी पांढरी आहे, शांत आहे, फक्त जरा कान गेलाय." मी बाई दोन दिवस मनात स्थळं शोधत होते. माझ्या मावसभावाचा मुलगा सुद्धा सुचवणार होते!

एरंडोलची गोष्ट तर सगळ्या मेहरूणला पाठ आहे. तिथल्या एका डॉक्टरांनी कुसुमला मागणी घातली. नाना दुपारी गेले, सवयीने मागच्या भिंतीवर चढले आणि चढल्यावर गुडघ्याने सांगितलं की आता उतरणं काही होणार नाही. तिथेच बसले, घोड्यावर बसल्यासारखे. डॉक्टरांची म्हातारी आई पापड वाळत घालायला आली. तिने वर पाहिलं, आत गेली आणि काठी घेऊन आली. दोन सणसणीत बसल्या. मग ओरडली. गल्ली गोळा झाली, शिडी आली, नानांना उतरवलं, डॉक्टर बिचारे हात जोडून माफी मागत होते. आणि नाना पाठ चोळत काय म्हणाले? "आजी राखणदार आहे. घर पास." कुसुम अजून तिथेच आहे. आजीच्या पायाशी झोपते म्हणे.

रावेरकडचे एक केळीवाले आले होते, मोठी गाडी घेऊन. त्यांना बंगल्यावर राखणीला कुत्रं हवं होतं. नानांनी पाणी दिलं, गप्पा मारल्या, यंदा केळीच्या घडांचं काय वजन भरलं ते विचारलं. मग हळूच, "तिला ठेवणार कुठे?"

"गेटला. चांगली जाड साखळी आहे आपल्याकडे."

"दिवसभर?"

"मग! राखण करायची तर काय पलंगावर बसवायची का, नाना?"

"मग भाऊ, तुम्ही नुसती साखळीच पाळा," नाना म्हणाले. "भुंकत नाही, पण खातही नाही."

असा हा माणूस. आता तुम्ही म्हणाल, एवढी चौकशी तर लोक पोटच्या पोरीसाठी करत नाहीत. मी पण तसंच म्हणायचे, हसत हसत, त्यांच्या तोंडावर म्हणायचे. त्यावर ते कधी हसले नाहीत हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण आपण बोलणारी माणसं, बाई. आपल्याला आपलंच ऐकू येतं.

आता इंदूचं सांगते. इंदू म्हातारी. एक डोळा गेलेला, खालचे दात झिजलेले, अंगावर करड्या केसांचे ठिपके. तिला दोनदा दिली आणि दोनदा ती परत आली. पहिल्या घरातल्यांना वाटलं होतं ती भुंकेल, ती भुंकली नाही. दुसऱ्या घरात सुनेचं बाळंतपण निघालं. दोन्ही वेळा लोक चेहरा पाडून गेटशी उभे, आणि नाना आतून येऊन म्हणाले, "या इंदूताई, आलात? बसा." बस. का, कसं, काही नाही. त्या माणसांनाही चहा पाजला.

पण यंदा दुसऱ्या गुडघ्यानेही डोकं वर काढलं. एका सकाळी नाना शेडमधे पाटावर बसून तिच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होते. मला म्हणाले, "वहिनी, बाकीच्या तरण्या आहेत, कुणीही नेईल. मी आधी गेलो तर हिचं काय? हिला या वर्षात उजवायचीच." त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. माझ्या सुनेने इंदूचा फोटो काढून फोनवर सगळीकडे पाठवला. खाली मजकूर नानांनी सांगितला तसाच लिहिला: मुलगी वयस्कर, स्वभावाने गरीब, एका डोळ्याने अधू, दोनदा परत आलेली आहे, लपवाछपवी नाही. सुपडूनाना, मेहरूण.

महिना गेला. जळगावातून एक नाही, भुसावळहून एक नाही. आणि मग धुळ्याहून निरोप आला. देवपूरमधल्या कुणी वैशालीताई, शिवणक्लास चालवतात, एकट्या राहतात. इंदूच हवी म्हणाल्या, दुसरी नको.

मी पळत भिंतीशी गेले. "नाना, लागलं स्थळ! धुळ्याचं!" आणि नाव-पत्ता वाचून दाखवला.

नानांच्या हातात भाकरीची परात होती. ती त्यांनी खाली ठेवली. म्हणाले, "घर बघायला तुम्ही जा, वहिनी."

"मी?"

"गुडघा दुखतो."

एरंडोलची भिंत चढणारा गुडघा! पण चेहरा असा झाला होता की माझ्यासारखीला पण पुढे बोलवेना. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेली प्रश्नांची यादी माझ्या हातात दिली. बावीस प्रश्न. मी पिशवीत ती यादी, पाण्याची बाटली आणि शेवेचा पुडा घेतला, आणि धुळ्याची गाडी पकडली.

मी काही भिंत चढले नाही, आधीच सांगते. बेल वाजवली. पन्नाशीच्या आतबाहेरची बाई, चष्मा, गळ्यात मोजायची टेप. घर लहान, पण लख्ख. मी खुर्चीवर बसले आणि शाळेच्या तपासनीसासारखी सुरू झाले. "तिला काय खायला घालाल?" "भाकरी दुधात कुस्करून. म्हातारीचे दात झिजले असतील ना." "बाहेरगावी गेलात तर?" "मी कुठे जात नाही." "शेजारी कसे?" "तापट आहेत, पण कुत्र्याला दगड मारणारे नाहीत." एकेक उत्तर असं, की मनात म्हटलं नाना इथे असते तर उड्या मारल्या असत्या. कामवालीचा प्रश्न आला तेव्हा ती हसली. "माझी कामवाली मीच. वीस वर्षं टिकलेय."

शेवटचा प्रश्न, बाविसावा. मी वाचला. "नाही जमलं तर परत आणाल का? आणायची लाज वाटेल का?"

ती टेप बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "हे अक्षर नानांचंच आहे. त्यांचा 'ल' अजून तसाच."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"मी त्यांची मुलगी."

मी आपली यादी हातात धरून बसले. बारा वर्षं भिंतीला भिंत लागून राहिले, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नानींचा फोटो होता घरात, हार घातलेला. मुलीचा नव्हता.

ती शांतपणेच सांगत होती, जणू कुणाचा ब्लाउज कुठे घट्ट होतो ते सांगावं. "माझं ठरलं तेव्हा नाना त्या घरी गेले. पुढच्या खोलीत बसले, पोहे खाल्ले, सोफा पाहिला, आणि हो म्हणून आले. मध्यस्थ ओळखीचा होता. मागे कुणी गेलंच नाही, काकू. मी तीनदा परत आले होते माहेरी. तिन्ही वेळा नानांनीच मला गाडीत बसवून दिलं. म्हणाले, लोक काय म्हणतील. चौथ्यांदा मी माहेरी गेलेच नाही, इकडे आले. मशीन घेतलं."

बाहेर क्लासच्या मुलींच्या चपलांचा आवाज आला. तिने त्यांना हाताने थांबा म्हणून खुणावलं.

"इंदूच का मागितलीस गं?" मी विचारलं. अहोजाहो कधी सुटलं ते मला कळलं नाही.

"तुमच्या फोटोखाली लिहिलं होतं, दोनदा परत आलेली आहे. मला बघायचं होतं, खरंच घेतात का ते परत."

मी तिला सगळं सांगितलं. गेटशी उभे राहिलेले लोक, "आलात? बसा," चहा, सगळं. एकदा सांगितलं, मग परत सांगितलं, कारण तिने परत विचारलं. तिने डोळे पुसले नाहीत हो, चष्मा पुसला. मग उठली आणि म्हणाली, "त्यांना म्हणावं, घर बघायला शेजारणीला पाठवतात का? इंदूला स्वतः घेऊन या. नाहीतर देत नाही म्हणून कळवा."

संध्याकाळी मी जळगावला उतरले. नाना गेटशी उभेच होते. मी निरोप जसाच्या तसा सांगितला, एक शब्द खाली नाही की वर नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "बारीक झाली का?" मी म्हटलं, "कोण, इंदू?" तर माझ्याकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या माणसाच्या पिकअपमधे, रिकाम्या क्रेटच्या मधोमध गादी टाकून इंदू निघाली. नाना शेजारी बसले. इस्त्रीचा शर्ट, गांधी टोपी, मांडीवर डबा.

इंदू राहिली तिकडे. चांगली राहिली. वैशाली माझ्या सुनेला फोटो पाठवते, मशीनच्या पायडलशी पसरलेली असते महाराणी.

पण आता नानांचं ऐका. उजवलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी ते एकदा, फार तर दोनदा जातात, सगळं ठीक आहे का बघायला. त्यांचा नियमच आहे, सारखं जाऊ नये, सासरच्यांना आवडत नाही. आणि धुळ्याला? दिवाळीपासून अकरा वेळा गेले. एकदा गोचिडीची पावडर विसरली म्हणून. एकदा इंदूची वाटी पोचवायला. एकदा तर नुसतंच, तिचं पोट बिघडल्याचं स्वप्न पडलं म्हणून.

परवा परत टोपी घालून निघालेले दिसले. मी भिंतीवरून हाक मारली, "काय नाना, ते घर अजून पास नाही झालं का हो?"

"घर पहिल्याच दिवशी पास झालं, वहिनी." त्यांनी डब्याचं झाकण दाबून बघितलं. "आता चौकशी ती करतेय. माझी."

"मग? काय म्हणते?"

"अजून काही सांगितलं नाही. गेल्या खेपेला जेवून जा म्हणाली," नाना म्हणाले, आणि गाडी चुकेल म्हणून दुखऱ्या गुडघ्याने भराभर चालायला लागले.