मूळ अर्थानुसार पुरवठा

सार्वजनिक ग्रंथालयात सगळं होतं. पुस्तकं होती, पंखे होते, 'शांतता राखा' अशा पाट्याही होत्या. फक्त जी सोय नसली की माणसाला ना पुस्तक सुचतं ना शांतता, तेवढी एक नव्हती. त्यामुळे ग्रंथपालबाई सकाळी कुलूप उघडल्यापासून संध्याकाळी लावेपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घालत नसत. शेवटी व्हायचं तेच झालं, खड्याचा त्रास सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, "भरपूर पाणी प्या." बाई म्हणाल्या, "पिते हो, पण पुढे काय करू?" त्यावर डॉक्टरांकडे गोळी नव्हती.

तेव्हा बाईंनी बांधकाम विभागाकडे अर्ज केला. घरात रोज वापरतो तो शब्द कागदावर लिहायला हात धजेना. चारचौघांत शोभेल असा इंग्रजी शब्द त्यांनी निवडला आणि लिहिलं, 'एक टॉयलेट मिळावे.'

विभागात नुकताच 'शब्दार्थ कक्ष' सुरू झाला होता. कोणतीही वस्तू देण्यापूर्वी तिच्या नावाचा मूळ अर्थ तपासायचा, म्हणजे चुकीची खरेदी टळते, असं धोरण होतं. कक्षाचे साहेब विद्वान होते. त्यांनी जाडजूड कोश उघडला. टॉयलेट हा शब्द फ्रेंचांकडून आलेला निघाला आणि त्याचा मूळ अर्थ छोटं कापड. मग ते कापड अंथरलेलं शृंगाराचं मेज, मग नटण्यामुरडण्याची खोली, आणि असा घसरत घसरत तो बिचारा शब्द आज जिथे आहे तिथे जाऊन पडला. 'घसरलेला अर्थ ग्राह्य धरता येत नाही,' असा शेरा मारून साहेबांनी हातरुमालाएवढं कापड मंजूर केलं. कापड चांगलं होतं, कडेला वेलबुट्टीसुद्धा होती.

बाईंनी फोन केला. "साहेब, मला हे नको होतं."

"मग मागितलंत कशाला?" साहेबांनी विचारलं.

दुसऱ्या अर्जात बाईंनी त्याहून सभ्य शब्द योजला, रेस्टरूम. रेस्ट म्हणजे विश्रांती, हे कळायला कोशही लागला नाही. वाचनकक्षाच्या कोपऱ्यात उशीसकट खाट आली. निवृत्त वाचक तिच्यावर आळीपाळीने घोरू लागले आणि त्यांना उठवण्याचं काम बाईंच्या मागे लागलं. शेवटी परक्या शब्दांचा नादच नको म्हणून त्यांनी 'शौचालय' लिहून पाहिलं. साहेबांनी संस्कृत कोश काढला. शौच म्हणजे शुद्धता. ग्रंथालय शुद्ध असल्याचं प्रमाणपत्र चौकटीत बसवून आलं.

घरी सासूबाईंनी हे सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, जायला लाज वाटत नाही, मग नाव घ्यायलाच कसली गं लाज?"

दुसऱ्या दिवशी बाई कंबर कसून कक्षात गेल्या. पण समोर साहेब, बाजूला दोन कारकून आणि टायपिस्ट.

"तुम्हाला नक्की काय हवंय?" साहेबांनी विचारलं.

"ते... म्हणजे आपण सगळे जातो ना, ते."

"ऑफिस?"

"नाही हो. सकाळी उठल्या उठल्या जातो ते."

"फिरायला? मग उद्यान विभागात जा."

ओठांवर आलेला शब्द बाईंनी परत गिळला. स्वतःचाच त्यांना भयंकर राग आला. अशी प्रश्नोत्तरं तासभर चालली. तेवढ्या वेळात साहेबांचे तीन चहा झाले आणि चहाने आपलं काम चोख केलं. साहेब चुळबुळले, उठले. "मी जरा जाऊन येतो."

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "कुठे?"

"जरा... फ्रेश होऊन येतो."

"फ्रेश म्हणजे ताजं. तुम्ही काय पालेभाजी आहात? नीट सांगा."

"बाई, बाजूला व्हा! वेळ नाहीये!"

"मला तर खडा झालाय साहेब. सांगा, कुठे?"

"अहो, संडास! संडासला जायचंय मला!" साहेब असे ओरडले की खालच्या मजल्यावरचा जन्म-मृत्यू विभागसुद्धा काम थांबवून वर बघू लागला.

"मलाही तोच हवाय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सोबत आणलेला मंजुरीचा कागद पुढे केला. साहेबांनी गुडघ्याला गुडघा लावून उभ्या उभ्या सही ठोकली. इतकी तातडीची मंजुरी त्या विभागाने आजवर कुणालाच दिली नव्हती.

संडास बांधून झाला. पुन्हा कोश निघायला नको म्हणून बाईंनी दारावर ठसठशीत लाल अक्षरांत तोच शब्द रंगवून घेतला. आता त्या पोटभर पाणी पितात. खडाही पडून गेला.

पण परवा वाचकांचा लेखी निषेध आला. सोय उत्तम आहे, पाणी आहे, कडी लागते. मात्र पाटीवरचा शब्द सुसंस्कृत नजरेला बोचतो, तरी तो पुसून तिथे टॉयलेट असं लिहावं. साहेबांनी कळवलं, शब्द बदलल्यास मूळ अर्थ लागू होईल आणि बांधकाम पाडावं लागेल. वाचक म्हणाले, पाडा. हे ऐकून बाईंच्या हातातला पेला तोंडाशीच थांबला.

निषेधावर झाडून सगळ्या वाचकांच्या सह्या हव्या आहेत. तुम्हीही वाचकच. खरं सांगा, साहेब ओरडले तेव्हा तुमच्याही मनात आलंच ना, की लेखकाने जरा बरा शब्द वापरायला हवा होता? मग लाजता कशाला, करा सही. फक्त त्याआधी एकदा जाऊन या.