दगडूनानांच्या गाठी

भर रस्त्यात अनोळखी माणसाला अडवून त्याच्या सायकलवरचं गाठोडं सोडायचं आणि पुन्हा नीट बांधून द्यायचं, असा उद्योग करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. आमच्या शेजारीच राहत होता. मुंबई-पुणे रस्त्यावरून कुणी कॅरियरवर पोतं लादून डुगडुगत चाललेला दिसला, की दगडूनाना गॅरेजमधलं हातातलं काम टाकून धावायचे. "आरं थांब! कुटं निगालास मरायला?" तो घाबरून थांबायचा. नाना त्याची दोरी सोडत, उभं पोतं आडवं करत, चार वेढे घालत आणि शेवटी असा हिसका देत की सायकलसकट माणूस हलायचा. मग त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "सुटं ते फुटं. जा आता दिल्लीला."

एकदा त्यांनी वऱ्हाडाची बैलगाडी अडवली. वाजंत्र्यांचा ताशा मागे लोंबत होता, तो त्यांना बघवेना. ताशा काढला, तर त्याखालची ट्रंक हलते असं दिसलं. ट्रंक काढली, तर तिच्याखालचं पिंपच आडवं. नवरदेव मुंडावळ्या सावरत उन्हात उभा. त्याचा मामा म्हणाला, "अवो, मुहूर्त टळंल!" नाना म्हणाले, "मुहूर्त टळला तर दुसरा मिळंल. पिंप डोस्क्यात बसलं तर नवरा दुसरा मिळंल का?" मामा ट्रंक धरायला पुढे झाला.

मी कासारवाडीला शाळामास्तर होऊन आलो, ते पन्नास सालच्या पुढचे दिवस. नाना मूळचे चाकणकडच्या खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरचे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्याचे ट्रक चालवले आणि लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात एक जुनी अँब्युलन्स उचलली. लोकांना वाटलं, नाना आता भाड्याने आजारी माणसं नेणार. नानांनी तिच्यात बिऱ्हाड थाटलं. स्ट्रेचरच्या जागी झोपायच्या फळ्या, भिंतीला मिटणारं टेबल, कोपऱ्यात स्टोव्ह, पाण्याची टाकी आणि ताटं-पेल्यांची मांडणी. गावाने तिचं नाव ठेवलं घरगाडी. दर मे महिन्यात नाना, त्यांची विधवा बहीण ठकूआत्या आणि एकुलती एक मुलगी हौसा असे तिघे त्या गाडीतून कुठेतरी जायचे. हौसाची आई ती लहान असतानाच गेली होती. दुसरं लग्न करा म्हणून लोकांनी सांगून पाहिलं. नाना म्हणायचे, "एका पोरीचं सामान आवरता आवरंना."

सामान भरायचं त्यांचं शास्त्र होतं. जड ते खाली, दोन चाकांच्या मधोमध, पुढच्या भिंतीला टेकून. हलकं ते वर, आणि वरच्या सगळ्यावर जाळी. बरणीला गोधडी, गोधडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी. काथ्याची दोरी त्यांना चालत नसे, ती भिजली-सुकली की ढिली पडते म्हणून. "ब्रेक मारला की माणूस थांबतो, मास्तर. सामान थांबत न्हाई," असं ते मला निदान शंभरदा म्हणाले असतील. सैन्यात एकदा मागून सुटलेल्या पेटीने पुढच्या ड्रायव्हरच्या मानेचं काय केलं, तेही सांगायचे. फक्त जेवायच्या आधी सांगत नसत, एवढी त्यांची कृपा.

सगळं बांधून झालं की परीक्षा. आमच्या गावातलं रेल्वेचं फाटक म्हणजे हाडं मोकळी करणारी जागा. नाना भरलेली गाडी त्या रुळांवरून पलीकडे नेत आणि पुन्हा अलीकडे आणत. मागे कान देऊन मला बसवलेलं असे, कारण मी मास्तर, मला वर्गातली कुजबुजसुद्धा ऐकू येते असा त्यांचा समज. रूळ ओलांडले की पुढून प्रश्न यायचा, "वाजलं का, मास्तर?" एखादा पेला जरी किणकिणला असेल तर अर्धी गाडी पुन्हा रिकामी. खोटं बोलायची सोय नव्हती, कारण ते त्यांनाही ऐकू आलेलं असायचं. मला विचारायचे ते केवळ पंचांची सही हवी म्हणून. फाटकवाला दोन्ही हात जोडायचा, "नाना, आता मालगाडी यायचीय, तिला तरी जाऊ द्या."

या बंदोबस्ताचा त्रास असा की, वाटेत भूक लागली तर चिवड्याच्या डब्यापर्यंत पोचेस्तोवर ती मरून जायची. एका वर्षी मीही सहकुटुंब त्यांच्याबरोबर वाईपर्यंत गेलो होतो. ठकूआत्यांना तंबाखूची तलफ आली आणि चंची सापडली ती तीन गाठी आणि दोन पट्ट्यांच्या आत. आत्यांनी भावाला जे ऐकवलं, ते मास्तरने लिहू नये. आमची ही म्हणाली, "नाना, मला तेवढं बांधू नका म्हणजे झालं." नानांनी गंभीरपणे बाकाखालून चामड्याचा पट्टा काढून तिला दाखवला. तीही सोय होती.

या गाडीत न बांधलेली गोष्ट एकच, हौसाची जीभ. कासारवाडीत बसली की वाईला उतरेपर्यंत पोरीचं तोंड मिटायचं नाही. झाडं, बैल, मैलाचे दगड, समोरून येणाऱ्या एस.टी.चा ड्रायव्हर, सगळ्यांवर तिचं काहीतरी म्हणणं असायचंच. नाना मला डोळा घालून म्हणायचे, "समदं बांधलं, मास्तर. हिच्या जिभेला दोरी घावली न्हाई." हौसा मागून ओरडायची, "आन् घावली असती तर झोपला असता की स्टेरिंगवर!"

त्या हौसाचं लग्न ठरलं. मुलगा मंचरचा, लग्न त्यांच्याच दारात. ठकूआत्या पाठराखीण म्हणून मुलीबरोबर राहणार आणि नंतर तिथूनच आपल्या लेकाकडे कायमच्या जाणार, असंही त्याच बैठकीत ठरलं. म्हणजे परत येणार ते एकटे नाना. हे सगळ्यांना कळत होतं. नाना मात्र एकाच काळजीत होते, हौसाच्या आईचा आरसा. माणूसभर उंचीचा, शिसवी चौकटीचा. तो मंचरपर्यंत न तडकता गेला पाहिजे. त्या आरशापायी त्यांनी आठवडाभर गॅरेज बंद ठेवलं. दोन गाद्यांच्या मध्ये तो उभा करून चारी बाजूंनी रबरी पट्ट्यांनी तोलून धरला. फाटकाची परीक्षा किती वेळा झाली ते फाटकवाल्याला विचारा.

आमच्याकडे मुलांना गोवर आलेला, म्हणून मी एकटाच लग्नाला गेलो. चाकण, खेड करत गाडी बैलाच्या चालीने चालली. हौसा त्या दिवशीही बोलत होती, उलट जास्तच. मधेच गप्प झाली की नाना काचेवरच्या छोट्या आरशातून मागे बघत. लग्न यथासांग झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरगाडी व्याह्यांच्या दारात उभी केली, सामान उतरवायला.

चार तगडे गडी आत शिरले आणि घामाघूम होऊन बाहेर आले. एकही गाठ सुटेना. विहीणबाई पदर खोचून पुढे आल्या. "अवो, ह्या गाठी हायेत का कुलपं?" कुणीतरी विळी आणली. नाना ओरडले, "कापू नका! कापू नका, मी सोडतो." ते वर चढले. हंड्याच्या गाठीला त्यांनी हात घातला, आणि मी जे पाहिलं ते मला आधी खरं वाटेना. नानांची गाठ नानांनाच सुटत नव्हती. त्यांनी एकदा इकडून ओढलं, एकदा तिकडून, मग नुसतेच दोरी धरून उभे राहिले. बाहेर बायका हसू लागल्या.

तेवढ्यात हिरव्या शालूचा घोळ सावरत हौसा घरातून आली. नवी सून अशी अंगणात आलेली पाहून विहीणबाईंनी आ वासला. हौसा गाडीत चढली, बापाला म्हणाली, "नाना, सरका तिकडं," आणि चुडा भरल्या हातांनी फटाफटा गाठी सोडायला लागली. तोंड चालूच. "ही आशी उलटी ओढायची. ह्या पट्टीचं टोक आत आसतंय. आवो मामंजी, हंडा खालनं धरा." हंडा गेला, बरण्या गेल्या, पाटा-वरवंटा गेला. शेवटी आरसा. चौघांनी तो अंगणात उभा केला. एक ओरखडा नव्हता. त्यात अख्खं लग्नघर दिसत होतं आणि मागे, गाडीच्या दारात, हातात मोकळ्या दोऱ्यांचा गुंता धरलेले नाना. मला फार वाईट वाटलं. हौसाने तो गुंता त्यांच्या हातातून घेतला, नीट वळकटी केली आणि त्यांच्या बाकाखाली ठेवली. नंतर मात्र तिला बोलता आलं नाही.

दुपारी आम्ही दोघे परत निघालो. खेडला चहाला थांबलो आणि पुढे निघालो. चाकणच्या अलीकडे मागून आवाज आला, किण. थोड्या वेळाने पुन्हा, किणकिण. मांडणीवरची ताटं होती ती, घरगाडीतली रोजची. मी दचकलो. "नाना, मागं वाजतंय. थांबवा, मी बांधतो."

"ऱ्हाऊ द्या," नाना म्हणाले. "मीच पट्टी सोडलीय. खेडात."

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. तसेच म्हणाले, "लई गप वाटाय लागली हुती गाडी."

मोशी गेली, भोसरी गेली. मागे ताटं आणि पेले प्रत्येक खड्ड्यावर काहीतरी म्हणत होते. संध्याकाळी फाटकाशी आलो. फाटकवाला कौतुकाने पुढे झाला, पण नानांचं तोंड पाहून त्याने आधी फाटक उघडलं. नानांनी नेहमीसारखा वेग कमी केला आणि गाडी रुळांवर घातली. आत भांड्यांचा एकच गलका झाला.

पलीकडे पोचल्यावर त्यांनी विचारलं, "वाजलं का, मास्तर?"

"वाजलं, नाना."

"मग बरं हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी गाडी घराकडे वळवली.