डोमामामांचा बाईचा पार्ट

नाटकात कोणी कोणाला थप्पड मारली की आमचे डोमामामा जागेवरून उठतात आणि "थांबवा!" म्हणून ओरडतात. सिहोरा गावात हे सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यांनी एकदा राजाला बाजूला सारून, थप्पड खाल्ल्यावर राणीनं कसं पडायचं ते स्वतः पडून दाखवलं होतं. तेव्हा मामा अडुसष्ट वर्षांचे होते. राणी चौथीत होती.

ते माझे सख्खे मामा नाहीत. आमच्या शेजारी एकटे राहतात. तरुणपणी ते दंडारीत बाई व्हायचे. दंडार म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, तेव्हा होणारा नाचगाण्याचा खेळ. त्यात बायकांची कामं पुरुषच करायचे. त्यामुळे कुठल्याही वादात मामांचा शेवटचा मुद्दा ठरलेला असतो, "तीस वर्सं बाईचा पार्ट केला मी!" भाजीवालीशी वांग्यांवरून वाद घालतानाही मी तो ऐकला आहे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. घरच्यांना वाटतं मला सगळं येतं, आणि मला भीती वाटते की एक दिवस त्यांना खरं काय ते कळेल. तरी हिंमत करून मी बायकांना होणाऱ्या मारहाणीवर एक कविता लिहिली. आमच्या गल्लीत एखाद्या घरातून तसा आवाज आला की बाकीचे लोक आपापला टीव्ही मोठा करतात. एकदा तरी कोणी तो बंद करावा, एवढीच माझी इच्छा होती. वर्गातल्या मुलामुलींनी कवितेचं पथनाट्य केलं आणि ते गावच्या मंडईत करायचं ठरलं.

विहाराच्या ओसरीत तालीम सुरू झाली. पहिल्याच दिवशी मामा आपली खुर्ची घेऊन हजर. मी सुरुवात केली, "हे नारी, आता तरी जागी हो!"

"नारी कोन व्हय वं?" मामांनी विचारलं. "आपल्या गावात त कोनी नाई या नावाची."

"मामा, नारी म्हंजे बाई."

"मंग बाई म्हन ना! अन् तिले कायले उठवून राहिली? ते त पाचालेच उठते. झोपला हाये थो तिचा नवरा, त्याले उठव!"

सगळे हसले. मी घरी जाऊन रडले. मग ती ओळ बदलली.

खरा छळ पुढेच होता. नवऱ्याचं काम करणारा शुभम मला थप्पड मारायचा, हातातलं ताट पडायचं, मी "नका मारू!" अशी किंकाळी फोडून कोसळायची. की लगेच "थांबवा!"

"असी नाई पडत बाई. आवाज नाई करत. पयले दाराकडं पाहाते, कोनी पाहून त नाई राहिलं म्हनून. मंग सांडलेला भात ताटात भरते. सारा भात. एक एक शीत."

आणि मामा ते करून दाखवायचे. खाली बसायला त्यांना वेळ लागायचा आणि उठवायला आम्ही दोघं लागायचो. अकरा दिवस, रोज. मी जन्मापासून मुलगी, आणि बाई कसं व्हायचं हे मला एक मिशीवाला म्हातारा शिकवत होता!

शेवटच्या तालमीत मी चिडले. "मामा, भात येचनं पाहाले कोन थांबंल? अन् बाई असंच करते, हे तुमाले कोनं सांगतलं?"

"तीस वर्सं..." मामा म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते वाक्य अर्धं सोडून खुर्ची उचलून निघून गेले.

मंडईच्या दिवशी मात्र ते आले. भात त्यांनीच रांधून आणला होता. समोरच्या बायका मधूनच उठून जिलेबीच्या दुकानाकडे निघाल्या होत्या. शुभमची थप्पड पडली, ताट पडलं. सवयीनं मी "थांबवा!"ची वाट पाहिली. ते आलंच नाही. त्या नादात मी किंकाळीच विसरले.

आता काय करायचं? मी नसलेल्या दाराकडे पाहिलं. मग खाली बसून भात वेचू लागले.

जिलेबीकडे निघालेल्या बायका थांबल्या. एक परत येऊन खाली बसली, मग दुसरी. शेवटचं शीत ताटात पडेपर्यंत कोणी हललं नाही.

गर्दी पांगल्यावर मामा आम्ही अंथरलेल्या चादरीवर माझ्या नजरेतून सुटलेली शितं वेचत बसले होते. मी म्हटलं, "आज थांबवलं नाई, मामा?"

"बरोबर केलंस." त्यांनी वर पाहिलं नाही. "तुह्या मामीनं असंच केलतं. मी मारलं तवा. मले थे पार्टासाठी लय आवडलं, म्हनून दंडारीत करून दाखवलं. लोकायनं टाळ्या वाजवल्या. ते बी बसली होती समोर. दुसऱ्या दिवसी भावाकडं बपेऱ्याले गेली, थे गेलीच."

मामी तब्येतीमुळे भावाकडे असतात, असंच मी लहानपणापासून ऐकत आले होते.

"बपेऱ्याच्या मंडईत बी कर हे नाटक," मामा म्हणाले. "अन् मारनारा डोमा होता, असं सांगजो."

मी चाचरत म्हटलं, "मामा, पयले मामीले विचारा लागंल."

मामांचा हात भातावरच थांबला.

"हव," ते म्हणाले. "पयले विचार. मी नोहोतं विचारलं."