दोन कॅमेरे आणि एक माय

हेमराजला एखादी वस्तू घ्यायची आहे असं कळलं, की घरातल्यांना धडकी भरायची. खर्चाची नव्हे, तुलनेची. मिक्सर घेताना त्यानं दोन कंपन्यांचे मिक्सर इतका काळ ताडून पाहिले की तोवर सुषमाचा हात पाट्यावर बसला, आणि मिक्सर घरात आल्यावर तिला त्यातली चटणी आवडेना. पंखा ठरला तेव्हा थंडी पडली होती. लग्नाच्या वेळीही म्हणे त्यानं दोनच मुली पाहिल्या होत्या, पण दुसरीच्या वडिलांनी वाट पाहून पाहून तिचं लग्न दुसरीकडे लावून टाकलं, म्हणून निर्णय झाला. हे सुषमा पाहुण्यांना हसत सांगते. (हसत सांगते, पण प्रत्येक पाहुण्याला सांगते.)

तसा दोष त्याचा एकट्याचा नव्हता. सुरतेत पर्वत पाटियाच्या एका सहकारी बँकेत तो हेडक्लार्क होता, आणि उमेदीची सगळी वर्षं त्यानं चेकवरची सही आणि कार्डावरची सही शेजारी शेजारी ठेवून पाहण्यात घालवली होती. असा माणूस घरी आला म्हणून एकदम वेगळा कसा होणार?

तर या हेमराजनं कॅमेरा घ्यायचं ठरवलं. कशासाठी, ते मात्र त्यानं कोणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

त्याचे वडील गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एकही धड फोटो मिळाला नव्हता. शेवटी कोणाच्या तरी हळदीतल्या ग्रुप फोटोतून त्यांना कापून काढलं. त्या कापाकापीत त्यांच्या उजव्या खांद्यावर एक परका हात तसाच राहिला. बोटात खड्याची अंगठी असलेला. तो कोणाचा, हे आजवर कळलेलं नाही. रोज सकाळी वडिलांबरोबर त्या हातालाही उदबत्ती मिळते.

आणि गेल्या महिन्यात त्याच्या आईला, उषाबाईंना, दम लागला म्हणून दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानानं ठणठणीत आहेत." सुषमानं 'ठणठणीत' ऐकलं. हेमराजनं 'वयाच्या मानानं' ऐकलं.

फोनमध्ये आईचे फोटो होते, नाही असं नाही. पण फोन तिच्या कपाळावरच्या सुरकुत्या आपण होऊनच पुसून टाकायचा. फोटोतली बाई गोरी, गुळगुळीत आणि दुसऱ्याच कोणाची तरी आई असल्यासारखी दिसायची. हेमराजला त्याची आई हवी होती. सुरकुत्यांसकट.

किरणशेठचं दुकान बँकेजवळच होतं. मूळचा नंदुरबारकडचा माणूस, पण जन्म सुरतेतला. छोटे डिजिटल कॅमेरे मध्यंतरी दुकानांतून नाहीसेच झाले होते. मग कॉलेजच्या मुलींना फोनचा कंटाळा आला आणि ते पुन्हा काचेच्या कपाटात येऊन बसले. किरणशेठकडे दोन होते. एक काळा, एक चंदेरी. काळ्याचा झूम लांबचा, चंदेरीचा फोटो कमी उजेडातही स्वच्छ. काळ्याची पकड चांगली, चंदेरी खिशात मावणारा. हेमराज रोज बँक सुटल्यावर येई, एक या हातात घेई, एक त्या हातात घेई आणि उसासा टाकून दोन्ही परत ठेवी.

शेवटी किरणशेठनं हात जोडले. "हेमराजभाऊ, तुम्ही असं करा. दोन्ही घरी घेऊन जा. रविवारभर मनासारखे फोटो काढा. सोमवारी एक ठेवा, एक परत आणा. पण आता इथे उभं राहून उसासे टाकू नका, गिऱ्हाइकाला वाटतं मालात खोट आहे."

रविवारी सकाळी हेमराजनं आईला पांढऱ्या भिंतीपुढे खुर्चीत बसवलं. तुलना न्याय्य व्हायची तर सगळं सारखं हवं: तीच खुर्ची, तोच उजेड, तोच चेहरा. आधी काळ्यानं, मग चंदेरीनं. समोरून, मग बाजूनं. खिडकी उघडी ठेवून, मग बंद करून. उषाबाईंनी हौसेनं लग्नकार्याची साडी नेसली होती आणि पहिल्याच फोटोला त्या छान हसल्या.

"माय, हसू नको," हेमराज म्हणाला.

"फोटो काढाले बसाडं, नि हसू नको?"

"दोन्हीत चेहरा सारखा आला पाहिजे ना. तुझं हसू दर वेळी वेगळं येतं. तू आपली गंभीर बस."

उषाबाई गंभीर बसल्या. पण गंभीर बसलं की माणूस विचार करतो. पांढरी भिंत, नुसता खांद्यापर्यंतचा फोटो, हसायला बंदी, अन् आजवर कधी आईला 'जरा इकडे बघ' न म्हटलेला मुलगा सकाळपासून दोन-दोन कॅमेरे घेऊन तोंडापुढे नाचतोय. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन सुनेला विचारलं. सुषमा म्हणाली, "मला काही सांगत नाहीत हो आई. दवाखान्यातून आल्यापासून असेच गप्प गप्प आहेत."

त्यानं उषाबाईंचं समाधान झालं नाही, हे उघड आहे.

दुपारी हेमराजच्या लक्षात आलं की चंदेरी कॅमेऱ्याची बॅटरी झपाट्यानं उतरते आहे. तो गॅलरीत गेला आणि त्यानं किरणशेठला फोन लावला. गॅलरीच्या दाराआड उषाबाई कोथिंबीर निवडत बसल्या होत्या, हे त्याला दिसलं नाही.

"हो, वरून ठीक दिसते हो," तो म्हणत होता, "पण ती फार दिवस टिकेल असं मला वाटत नाही. सकाळी चांगली असते, दुपार झाली की मान टाकते... जुनीच झालीय ना आता... बदलून? बदलून कुठे मिळणार अशी? मी घरात अजून कोणाला बोललो नाही, उगाच आरडाओरडा होईल. उद्या संध्याकाळी काय तो सोक्षमोक्ष लावून टाकू."

उषाबाईंच्या हातातली काडी हातातच राहिली.

त्या रडल्या नाहीत. त्यांनी राहिलेली कोथिंबीर निवडली, सुषमाचा फोन मागून घेतला आणि अमळनेरला लेकीला, मंदाला, लावायला सांगितला. "मंदा, तू ये. धुडकूमामालेबी संगे लई ये. नही, काहीच व्हयनं नही. नुसतं भेटी जाय."

आता खानदेशात म्हाताऱ्या माणसानं आपण होऊन फोन करून 'काहीच झालं नाही' असं सांगितलं, तर ऐकणारा आधी पिशवी भरतो आणि मग रडतो. मंदानं दोन्ही एकदमच केलं.

मग उषाबाई शेजारच्या सरस्वतीबाईंकडे गेल्या. गच्चीवर पापड कोणी आधी वाळत घालायचे यावरून दोघींचं बोलणं बंद होतं. उषाबाईंनी वाटीभर लोणचं पुढे केलं आणि म्हणाल्या, "सरस्वती, आते भांडन पुरं." सरस्वतीबाईंनी घाबरून त्यांना हाताला धरून आत बसवलं. उषाबाईंना तिथेच हुंदका आला, आणि त्यांनी गॅलरीतलं सगळं सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमध्ये एकट्या हेमराजला सोडून सगळ्यांना ते ठाऊक झालं होतं. खालच्या मजल्यावरच्या प्रियांकानं टीव्हीचा आवाज कमी ठेवला. हेमराजला वाटलं, चला, आज शांतता आहे. आणि तो निवांतपणे कॉम्प्युटरवर फोटो पाहत बसला.

पाहता पाहता तो तुलना करायची विसरला, हेही सांगायला हवं. आईच्या डाव्या भुवईवर एक बारीक व्रण होता. तो कधीचा, कशाचा, त्याला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर तो तिच्या हातचं जेवला होता आणि तिचा चेहरा त्यानं आज पहिल्यांदा नीट पाहिला. 'उद्या विचारू,' असं त्याच्या मनात आलं.

सोमवारी मात्र घाई झाली. तो न विचारताच बँकेत गेला.

संध्याकाळी परत आला तर जिन्यापर्यंत चपला पसरलेल्या. त्यात मंदाताईची चप्पल होती. धुडकूमामांचं धुळीनं माखलेलं, टाचेशी झिजलेलं पायताण होतं. मामा उधना स्टेशनवर उतरून आले म्हणजे घरात एक तर लग्न, नाही तर दुसरं. लग्न कोणाचं नव्हतं. आतून बायकांच्या मुसमुसण्याचा आवाज येत होता.

हेमराज जिन्यातच थांबला. सकाळी निघताना आईनं हाक मारली होती, 'हेमू, जरा थांब.' तो 'आल्यावर' म्हणून निघून गेला होता. तो दोन-दोन पायऱ्या एकदम टाकत वर गेला. दार उघडंच होतं.

आत पलंगावर मधोमध उषाबाई बसल्या होत्या. मंदानं आणलेलं वांग्याचं भरीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खात होत्या.

हेमराज उंबऱ्याशीच मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

झालं. त्याला रडताना पाहून मंडळींची उरलीसुरली आशा संपली. मंदानं हंबरडा फोडला. सरस्वतीबाईंनी तिला साथ दिली. सुषमानं पदर डोळ्यांना लावला. फक्त उषाबाईंनी घास संपवला.

धुडकूमामांनी पुढे होऊन भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धर भाचा. आता लपवू नको. डाक्टरनं किती दिवस सांगितलेत?"

"कोणाला?" हेमराजनं हुंदक्यातून विचारलं.

"कोणाले म्हणजे? मायले!"

"मायला काय झालं?"

"आता तूच सांग ना काय झालं! ती टिकायची नाही, असं तूच बोलला फोनवर."

"सकाळी चांगली असते," सरस्वतीबाई नाक ओढत म्हणाल्या, "दुपारी मान टाकते. सगळी बिल्डिंग जाणते हो आता."

हेमराजनं डोळे पुसले. मग त्याला उमगलं. "अहो, ती बॅटरी! कॅमेऱ्याची बॅटरी!"

घरात अशी शांतता पसरली की कुकरची शिट्टीसुद्धा आगाऊ वाटली.

"बॅटरीसाठी," धुडकूमामा सावकाश म्हणाले, "मी शेतातला कापूस वेचायचा टाकून आलो?"

कोणीतरी खुदकन हसलं. मग मंदा हसली, सुषमा हसली. सरस्वतीबाई मात्र हसावं की लोणचं परत करावं, या विचारात पडल्या. उषाबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि लेकाकडे पाहून विचारलं, "बॅटरी समजनी. पन फोटो कसाले?"

 हेमराजची नजर नकळत भिंतीवर वडिलांच्या फोटोकडे गेली, त्या खांद्यावरच्या परक्या हाताकडे. उषाबाईंचीही तिकडेच गेली.

"माय," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुझ्या वेळी तसं व्हायला नको."

उषाबाईंनी फोटोवरची नजर काढून लेकाकडे वळवली. मग म्हणाल्या, "मी मरी जासू, मंग तू मना फोटो पाहशी. नि मी जित्ती शे, मी काय पाहू? तू सकायले जास, संध्याकायले येस, नि तोंड फोनमा. आन बरं तो कॅमेरा इकडे."

हेमराजनं पिशवीतून दोन्ही काढले; आजही न ठरल्यानं ते तसेच घरी परत आले होते. "माय, काळ्यात झूम आहे, पण उजेड कमी असला तर..."

उषाबाईंनी एक या हातात घेतला, एक त्या हातात घेतला. "हाऊ हलका शे," म्हणाल्या, आणि चंदेरी ठेवून काळा त्याला परत दिला. इतके दिवस अडून बसलेला प्रश्न चहाचा कप उचलावा तसा सुटला. मग कुठलं बटण ते सुषमाला विचारून त्यांनी उंबऱ्याशी बसलेल्या लेकाकडे कॅमेरा धरला आणि 'तयार हो' वगैरे काही न म्हणता दाबून टाकलं.

फोटो असा काही आला की बोलायची सोय नाही. ओले डोळे, लाल नाक, अर्धवट उघडं तोंड, आणि सगळा जीव समोर बसलेल्या बाईकडे लागलेला. हेमराजनं रविवारभर काढलेल्या सगळ्या फोटोंवर या एकानं मात केली. सुषमा तो पुन्हा पुन्हा पाहत राहिली आणि म्हणाली, "लग्नातसुद्धा तुम्ही माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं." मंदाताई म्हणाली, हा मला पाठव. धुडकूमामा म्हणाले, मलाही. गावी विचारतील, का गेला होतास म्हणून, तर दाखवायला काही तरी पाहिजे.

काळा कॅमेरा दुसऱ्या दिवशी परत गेला. किरणशेठनं चंदेरीची बॅटरीही बदलून दिली आणि हेमराज पुन्हा विचार बदलायच्या आत दोन्ही हातांनी नमस्कार करून त्याला वाटेला लावलं. उषाबाईंनी मात्र हट्ट धरला: हा फोटो मोठा करून आण, माझ्या पलंगासमोर लाव, सकाळी डोळे उघडले की दिसला पाहिजे. हेमराज लाजला, नको नको म्हणाला, पण आतून त्याला फार बरं वाटलं. गोडादरा भागातल्या एका फ्रेमवाल्याकडे त्यानं सुषमाच्या हाती फोटो पाठवून दिला.

आठवड्यानं बँकेतून येताना तो स्वतःच फ्रेम आणायला थांबला. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. नाव सांगताच म्हाताऱ्या गुजराती मालकानं आतून कागदात गुंडाळलेली मोठी फ्रेम आणली, काउंटरवर उभी केली आणि हळुवारपणे कागद सोडला. सोनेरी चौकटीतून हेमराज ओल्या डोळ्यांनी जगाकडे पाहत होता. गळ्यात चंदनाचा हार होता.

"हार आमच्यातर्फे," मालक हात जोडून म्हणाला. "बहेन फोटो देऊन गेल्या तेव्हाच मी समजलो. अशा वेळी आम्ही हाराचं काही घेत नाही." मग त्यानं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा हेमराजकडे पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "मोटाभाई, म्हणजे थोरले बंधू होते?"

मागे रांगेतली माणसं आदरानं गप्प झाली होती. एकानं तर टोपीही काढली.

"चेहरा मिळतो हं तुमचा," मालक मान हलवत म्हणाला. "पण त्यांच्या चेहऱ्यावर जान होती."

हेमराजनं क्षणभर विचार केला, आणि हात जोडून सांत्वन स्वीकारलं.