मुक्कामाचं कारण

"पास झाल्यावर माणसं आपल्या घरी जातात. तू का जात नाहीस?"

हा प्रश्न ईशानीचा नव्हता. तो अवनी आणि स्वरदा या दोन वर्गमैत्रिणींचा होता, विचारायची हिंमत फक्त ईशानीची. पैज अशी, की विचारला नाही तर वादविवाद स्पर्धेत मिळालेल्या ढालीला तिने यापुढे ढाल म्हणायचं नाही, ताट म्हणायचं. ईशानी अकरावीत होती, आणि ढाल मिळाल्यापासून ती कुणालाही काहीही विचारू शकत होती. त्याप्रमाणे तिने रामघाटाच्या पायऱ्या चढून येणाऱ्या हानाला अडवलं आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारून टाकलं.

हाना जर्मनीची. सहा वर्षांपूर्वी संस्कृत व्याकरण शिकायला ती काशीला आली, ईशानीच्या घरातली वरची खोली तिने भाड्याने घेतली, आणि यंदा विद्यापीठातून पहिल्या वर्गात आचार्य झाली. तिने प्रश्नाचा नीट विचार केला.

"मी घरीच जात आहे," ती म्हणाली. "ही पाहा, दुधी भोपळा घेऊन."

पैज जिंकली. पण शेवटच्या रांगेत, म्हणजे गंगेत कमरेइतक्या पाण्यात, बिंदुमाधवकाका उभे होते. काका सरकारी नोकरीतून कधीच निवृत्त झाले होते, मात्र 'निदर्शनास आणून देणे' हे काम त्यांनी मानद तत्त्वावर चालू ठेवलं होतं. सहा वर्षं हानाला रोज पाहूनही जे त्यांना सुचलं नव्हतं, ते त्या सकाळी सुचलं. त्यांनी सूर्याला अर्घ्य दिलं, धोतर पिळलं आणि बाब निदर्शनास आणून दिली. लगेचच विदेशी-वास्तव्य कक्षातून बोलावणं आलं: महिनाअखेरीच्या आत मुक्कामाचं सबळ कारण दाखवा, नाहीतर देश सोडा.

हाना गेली असती तर घरात ईशानीशी माणसासारखं भांडणारं कुणीच उरलं नसतं, आणि तेही तिच्याच जिभेमुळे. "मी करते सगळं ठीक," ती म्हणाली. ढाल मिळालेल्या माणसाला असं वाटतं.

कक्षातले साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी पान एका गालात सरकवलं.

"पढ़ाई पूरी हो गई?"

"फर्स्ट क्लास," ईशानीने छाती काढून सांगितलं.

साहेबांनी खिन्नपणे मान हलवली. "यही गलती हो गई, बिटिया. स्टूडेंट वीज़ा स्टूडेंट का होता है. जो पास हो गया, वो स्टूडेंट रहा कहाँ?" मग त्यांनी मुन्शी घाटावरच्या एका फ्रेंच गृहस्थांचं उदाहरण दिलं. हे गृहस्थ अकरा वर्षं तबल्याच्या पहिल्याच परीक्षेत नापास होत आहेत. "इतने सज्जन आदमी हैं. आज तक हमें कोई तकलीफ़ नहीं दी."

ईशानी हानाला घेऊन तडक विद्यापीठात गेली. तिथल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून वाचला. फेरतपासणीत गुण वाढण्याची सोय होती, चुकून कमी होण्याचीही होती, पण विनंतीवरून कमी करण्याची नव्हती. "फेल होना था," तो हळहळत म्हणाला, "तो टाइम से होतीं."

राहता राहिली नोकरी. साहेबांनी नियम सांगितला: परदेशी माणसाला असंच काम देता येतं, जे करणारा भारतीय सापडत नाही.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात ईशानीच्या निमिषदादाचा अमेरिकेहून फोन आला. दादा तिकडेच शिकला, तिकडेच पास झाला आणि आता न्यू जर्सीत, सन दोन हजार उजाडताच बंद पडणार म्हणणाऱ्या कंप्यूटरांना आधीपासून औषधपाणी करत होता. त्याला कायमचं ठेवून घेता यावं म्हणून त्याच्या कंपनीने सरकारदरबारी लिहून दिलं होतं, की या कामाला लायक अमेरिकन मिळाला नाही. ईशानीच्या आईने, म्हणजे शरदिनीबाईंनी, गल्लीत पेढे वाटले. "अख्ख्या अमेरिकेत शोधलं हो," त्या घरोघर सांगत होत्या, "एक मिळाला नाही."

शेवटचे दोन पेढे त्यांनी वरच्या खोलीत नेले. "हाना, तुझ्या आईला काय वाटत असेल गं? पोटची पोर इतक्या लांब, परक्या देशात."

"निमिषच्या आईला जसे वाटते तसे," हाना म्हणाली.

"छे, ते वेगळं," आई म्हणाली आणि तिला दुसराही पेढा दिला.

ईशानीचे बाबा विश्वेश्वरशास्त्री वेदपाठशाळा चालवत. तिथली व्याकरण शिकवण्याची जागा दादा गेल्यापासून रिकामीच होती. दादाच तिथे बसायचा होता. त्याच्याऐवजी येऊ शकले असते त्यातला एक बँकेत लागला होता आणि दुसरा टेक्सासच्या देवळात सत्यनारायण सांगत होता. बाबा म्हणाले, हानाला नेमू. साहेब खूश झाले.

"तो लिख दीजिए शास्त्रीजी, कि काशी में व्याकरण पढ़ाने वाला कोई भारतीय नहीं मिला."

बाबांचा चेहरा उतरला. "काशी में? ये मैं लिखूँ?"

"सच नहीं है क्या?"

"सच तो है," बाबा म्हणाले, "लेकिन लिखने लायक नहीं है."

दादाच्या कंपनीला असला संकोच पडला नव्हता, पण अमेरिकनांना मुळात लाज कमी, असं बाबांनी परतताना नावेत समजावून सांगितलं. ईशानीने होडीबाहेर हात सोडून पाणी कापत ते ऐकलं. महिना संपत आला होता.

पुढच्या खेपेला साहेबांनी सवलत दिली. एखादा पक्का स्थानिक रहिवासी जामीन राहिला तर मुदत वाढवता येईल. बाबा तयारच होते. पण साहेबांनी, निव्वळ शिष्टाचार म्हणून, एक प्रश्न विचारला.

"मूलतः कहाँ के हैं आप?"

रामघाटावरच्या कुठल्याही मराठी माणसाला झोपेतून उठवून हे विचारा. तो काशी म्हणायचा नाही. "गुहागर के," बाबा म्हणाले. "हम लोग यहाँ के नहीं हैं."

ईशानीने त्यांचा सदरा ओढला. उशीर झाला होता.

"अच्छा. कब आए थे?"

"नौ पीढ़ी पहले."

"लौटने का विचार?"

"एकदा जायचं तर आहेच," बाबा सवयीने मराठीत बोलून गेले. साहेबांना एवढं मराठी कळत होतं. त्यांनी जामीनदारापुढे 'तात्पुरता मुक्काम' असा शेरा मारला, आणि शास्त्रीजींनी स्वतःची कागदपत्रंही सवडीने दाखवावीत, असं नम्रपणे सुचवलं.

आता एकीच्या जागी अख्खं घर लटकलं. ईशानी माजघरात ढालीकडे बघत बसली. तिला ती आता खरंच ताटासारखी दिसू लागली होती.

तेव्हा तळमजल्यावरच्या प्रेमलाआत्यांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी हात टेकले म्हणून आत्या रत्नागिरीहून काशीला मरायला आल्या होत्या. इथे देह ठेवला की मुक्ती मिळते. ही ईशानीच्या जन्माआधीची गोष्ट. मधल्या काळात हात टेकणारे ते डॉक्टर गेले. आत्या रोज घाट उतरून स्नान करतात आणि येताना कोथिंबिरीचा भाव पाडतात.

"मला विचारलंन का आजवर कुणी, का राहिल्येस म्हणून?" आत्या म्हणाल्या. "मरायला आल्ये म्हटलं की लोक पाया पडतात. हिलाही तेच सांगू दे."

"पण ही तर ठणठणीत आहे," आई म्हणाली.

"मी कुठे आजारी आहे?"

गल्लीतल्या डॉक्टर नीलकंठांनी हानाची नाडी पाहिली, छाती तपासली आणि सचोटीने दाखला लिहिला: 'सदर महिला निश्चितपणे मरणार आहेत. नेमका दिवस सांगता येत नाही.'

साहेबांनी दाखला वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच प्रसन्नता पसरली. "पहले क्यों नहीं बताया? यहाँ जीने के लिए सबूत लगता है, बिटिया. मरने वाले को काशी में कौन रोकेगा?" जामीन लागला नाही. नोकरी लागली नाही. मुक्कामाचं कारण या रकान्यात त्यांनी 'मृत्यू' लिहिलं आणि शिक्का मारला. अट एवढीच, की दरवर्षी समक्ष हजर राहून आपण अद्याप का मेलो नाही याचा खुलासा द्यायचा.

"प्रयत्न चालू आहेत, असे लिहिले तर चालेल?" हानाने विचारलं.

"बिल्कुल चलेगा."

संध्याकाळी साखरभात झाला. अभिनंदनाला बिंदुमाधवकाकाही आले आणि आपण निदर्शनास आणून दिलं नसतं तर हे मार्गी लागलंच नसतं, असं सांगून पाटावर बसले. आई आनंदात होती.

"निमिषचं तिकडे झालं, हानाचं इकडे झालं. आता हिचं. बारावी झाली की दादा बघेलच काहीतरी."

ईशानीने हातातला घास खाली ठेवला. यावेळी तिने शेवटच्या रांगेचा आवाज लावला नाही.

"मी जाणार नाही."

बाबांनी काळजीने पाहिलं. "नापास व्हायचं ठरवलंयस का?"

"नाही. पहिल्या वर्गात पास होणार. हानाकडून व्याकरण शिकणार, आणि पाठशाळेतली दादाची रिकामी जागा मी घेणार."

पाठशाळेत बाईमाणूस कसं बसेल, असं काहीतरी बाबांच्या ओठांवर आलं होतं. पण समोर ज्या बाईमाणसाला त्यांनी स्वतःच नेमायला काढलं होतं, ती शांतपणे साखरभात खात होती. आईला वेगळीच चिंता होती. तिने काकांकडे एकदा पाहून आवाज खाली आणला.

"अगं, पास झाल्यावर मुलं जातात. ही का नाही गेली, असं लोक विचारतील. त्यांना सांगायचं काय?"

"मरायला राहिल्ये म्हणून सांगा," ईशानी म्हणाली आणि साखरभात पुन्हा पुढ्यात ओढला. "आपल्या लोकांना इथे राहायचं तेवढं एकच कारण पटतं."